वाजवून घेतलेलं लोखंड

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पाऊस पडून गेला की जमिनीला रंग फुटतात. वर्षानुवर्षं मातीत मुरलेलं इंजिन ऑइल वर येतं, डबक्यांवर पसरतं, आणि जांभळ्या, हिरव्या, तांबूस कडांची वर्तुळं एकमेकांत शिरत, विस्कटत, पुन्हा जुळत राहतात. दोन्ही हातांना इंजिनांच्या थप्प्या असतात. एकावर एक रचलेले गिअरबॉक्स, तारेत ओवलेले डायनमो, पत्र्याच्या डब्यांत उभे भरलेले व्हॉल्व, भिंतीला टेकवलेल्या दरवाजांच्या आणि बॉनेटांच्या ओळी. एक बॉनेट फिकट निळं, एक शेवाळी, एक मलईच्या रंगाचं, आणि मधूनच एक काळं-पिवळं. घासलेटचा, ओल्या गंजाचा, तापून विझलेल्या लोखंडाचा वास सगळीकडे भरून राहिलेला. कुणी पान्याने नट सोडवतोय, कुणी छिन्नीवर हातोडा घालतोय, आणि त्या सगळ्या ठोकाठोकीच्या खाली, नीट कान दिला तर, एक वेगळीच शांतता जाणवते. एवढी इंजिनं एका जागी, आणि एकही सुरू नाही.

ह्याच कुर्ल्यात ह्यातल्या फियाट गाड्या जन्मल्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी केली, कारखाना कुर्ल्याला आला, आणि पन्नाशीच्या दशकात फियाटची ११०० इथल्या फाटकातून बाहेर पडू लागली. तिच्या गुबगुबीत पहिल्या रूपाला महाराष्ट्र ‘डुक्कर फियाट’ म्हणायचा. मग १९६४ पासून सरळ रेघांची, चौकोनी बांध्याची ११०० डी आली, आणि सत्तरीच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. नाव बदललं, दिवे बदलले, जाळी बदलली. पोटातलं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मात्र वर्षानुवर्षं तेच राहिलं. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक. म्हणून तर १९६८ च्या गाडीचा भाग १९९० च्या गाडीला जवळ करता येतो, आणि मुंबईच्या टॅक्सीचा कोल्हापूरच्या घरगुती गाडीला. ज्या उपनगरात ही इंजिनं पहिल्यांदा धडधडली, त्याच उपनगरात, दोन-चार वळणं पलीकडे, त्यांचा एकेक बोल्ट सुटत होता. मला तिथे उभं राहिल्यावर दुःख होईल असं वाटलं होतं. झालं नाही. तिथे शेवटाची भावना नव्हतीच. सगळं कुणाची तरी वाट बघत होतं.

आमची पद्मिनी १९७८ सालची. बाबांची. पुढचं आसन आडवं, सलग, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे लहानपणी मला आई आणि बाबांच्या मधली जागा मिळायची. डोळे डॅशबोर्डच्या वर पोचायचे नाहीत; रस्ता मला दिसत नसे. मला गाडी कळायची ती तळव्यांतून. चढ लागला की पायाखालची थरथर जाड व्हायची, बाबांनी गिअर बदलला की क्षणभर सगळं हलकं, निराधार, आणि मग पुन्हा ती थरथर, आता बारीक, वेगाची, सपाटीची. पन्हाळ्याची वाट मी अशी शिकले. डोळ्यांनी ती पुढे कितीतरी वर्षांनी पाहिली, तेव्हा एकेक वळण पावलांना आधीच ओळखीचं होतं.

अलीकडे त्याच वाटेवर एक आवाज आला. चढावर, जोर लावताना, इंजिनाच्या तळातून, जड. ठक्, ठक्, ठक्. वरच्या टॅपेटचा आवाज टिकटिकता असतो, तो कुणालाही कळतो. हा तसा नव्हता. हा आतून, खोलून येत होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्या दुरुस्त करणाऱ्या मामांनी बॉनेट उघडून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. नंतर इंजिन उतरलं, ऑइल चेंबर खाली आला, आणि त्यांनी क्रँक हातात घेऊन उजेडात फिरवला.

“चाळीसला गेलाय,” ते म्हणाले. “आता घासायला अंगावर मासच न्हाई ताई.”

क्रँक झिजला की त्याचे जर्नल, म्हणजे बेरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, ग्राइंडरवर घासून पुन्हा तंतोतंत गोल करतात, आणि जेवढं घासलं तेवढे जाड शेल घालतात. पहिल्या वेळी दहा, मग वीस, मग तीस, मग चाळीस. हे इंचाचे हजारावे भाग. चाळीस म्हणजे मिलिमीटरभर. एवढ्याशा जाडीत क्रँकचं सगळं आयुष्य मावतं, किती शहरं, किती घाट, किती लग्नांना जाणं आणि किती दवाखान्यांतून परतणं ह्या एका मिलिमीटरात घासून जातं, आणि ते संपलं की उरलेलं पंधरा-एक किलोचं, दणकट, चकचकीत पोलाद कुठल्याही कामाचं राहत नाही. नवा क्रँक आता कुठला मिळणार? ह्या गाड्यांचं उत्पादन शतक उलटता उलटताच थांबलं. म्हणून कुर्ला.

मामा सोबत आले ते एक कापडी पिशवी घेऊन. तीत फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला मायक्रोमीटर, खडूचा तुकडा आणि छोटी हातोडी. दुकानदाराने टॅक्सीचं इंजिन समोर ओढलं. “चालू गाडी का माल है,” तो म्हणाला, आणि ह्या बाजारात ह्याहून मोठी शिफारस नाही. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या गाडीच्या बोअरमध्ये पाणी शिरतं, रिंगा भिंतीला धरतात, बेरिंगवर गंजाचे ठिपके उमटतात. धावता धावता थांबलेलं इंजिन मात्र स्वतःच्या तेलात बुडालेलं असतं. विश्रांतीने लोखंड मरतं, हे मी तिथे पाहिलं.

हेड मामांनी बाजूला सारलं. टॅक्सी सीएनजीवर चाललेली. कोरड्या इंधनावर वर्षानुवर्षं आपटून व्हॉल्वच्या सीटा खोल गेल्या होत्या. त्यांनी प्रत्येक सीटवरून करंगळी फिरवली आणि मान हलवली. ब्लॉकही नको होता. ब्लॉकवर इंजिन नंबर असतो, तो आरसी बुकात लिहिलेला असतो. आमचा ब्लॉक अजून बोअर घेण्याजोगा होता आणि तो आमचाच राहणार होता. हवा होता क्रँक, आणि त्याच्यासोबत चार कनेक्टिंग रॉड, कारण आमच्या एका रॉडचा खालचा डोळा त्या ठकठकीने अंडाकृती झाला होता.

क्रँक बाहेर निघाला. घासलेटने धुतला, पुसला. मामांनी तो माझ्यापुढे धरला. “नख फिरवा. आडवं नको, हिकडून तिकडं. कुठं अडकतंय का बघा.”

मी अंगठ्याचं नख जर्नलवर टेकवलं. पोलाद थंड होतं, आणि थंडपणाहूनही आधी जाणवली ती त्याची गुळगुळीत, जवळजवळ ओलसर वाटणारी त्वचा. तिच्यावरून नख सरकलं ते घसरत नव्हतं आणि अडत नव्हतं, एखादा शब्द न अडखळता वाचला जावा तसं ते एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे गेलं. मायक्रोमीटरने सांगितलं की हा एकदाच, दहाला घासलेला आहे. पण मामांचं अजून व्हायचं होतं. त्यांनी क्रँकच्या एका टोकाला दोर बांधला, दुकानाच्या आडव्या पाइपावरून तो लटकवला, त्याचं हलणं थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि हातोडीने एका वेबला, म्हणजे दोन जर्नलमधल्या जाड पाटीला, हलकीच टिचकी मारल्यागत टोला दिला.

तो आवाज मी लिहू शकेन की नाही, ठाऊक नाही. घंटेचा नव्हे, घंटा उघडी असते, तिचा नाद बाहेर पसरतो. हा नाद आधी आत गेला. त्या वेड्यावाकड्या अंगातून, सगळ्या वळणांतून, तिन्ही मेन जर्नलमधून आणि चारही पिनांतून धावत खालच्या टोकापर्यंत पोचला, तिथून परतला, आणि मग कुठे हवेत आला, एकसंध, लांब, ओसरताना अधिकच गोड होत जाणारा, इतका लांब की शेजारच्या गाळ्यातल्या छिन्नीचे दोन-तीन घाव त्याच्यावर पडूनही तो तुटला नाही. मामांनी बोट वर केलं होतं. नाद पुरता विरेपर्यंत ते खाली आलं नाही.

“अख्खा हाय.”

मग त्यांनी मुद्दाम शेजारचा एक टाकलेला क्रँक तसाच टांगला आणि वाजवला. थप्. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण दुसऱ्यात कुठेतरी केसाएवढी चीर होती, आणि तिच्या दोन कडा एकमेकींवर घासून नाद गिळून टाकत होत्या. एवढं जाड पोलाद, आणि एक चीर त्याला मुकं करते. बाजारात मडकं वाजवून घेणाऱ्या बायका मी जन्मभर पाहिल्या. वस्तूच्या आत काय झालंय ते आवाजाला विचारावं, हा शहाणपणा आपल्या हातांत फार जुना आहे. तरीही त्या क्षणी मला जे झालं त्याला मी शहाणपणाचा अनुभव म्हणणार नाही. मला आनंद झाला. इतकी वर्षं, इतके फेरे, आणि आत कुठेही तडा नाही.

महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये तो आमच्यासोबत आला, गोणपाटात गुंडाळून. आडवा ठेवायचा नाही, ही मामांची सक्त ताकीद. क्रँक आडवा पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाने हळूहळू वाकतो असं कारागीर मानतात, म्हणून ते तो नेहमी उभा ठेवतात. बर्थच्या शिडीला तो उभा बांधला. रात्रभर गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याला तो किंचित झुलायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. मला झोप लागली नाही. कर्जत मागे पडलं, घाट सुरू झाला, आणि अंधारात त्या उभ्या गाठोड्याकडे पाहता पाहता वाटलं, हा मुंबईबाहेर पहिल्यांदाच चालला असेल.

कुणाकुणाला नेलं असेल त्याने? व्हीटीबाहेर ट्रंका घेऊन उतरलेलं, पत्ता लिहिलेल्या कागदाकडे पाहत बसलेलं नवं जोडपं; केईएमच्या दारात थांबायच्या आधीच दरवाजा उघडून धावलेला एखादा मुलगा; रात्रपाळी संपवून मागच्या सीटवर मान टाकून झोपलेली नर्स; पावसात हिंदमाताला तुंबलेलं पाणी सायलेन्सरात शिरू नये म्हणून रेस न सोडता, श्वास रोखून, इंच इंच पुढे सरकणारा चालक, ज्याच्या गावी, उत्तरेत कुठेतरी, ह्याच क्रँकच्या फेऱ्यांवर घराच्या भिंती उभ्या राहिल्या असतील, बहिणीचं लग्न झालं असेल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि टॅक्सीला तिथे वीस वर्षांचीच मुदत असल्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी त्या शहराच्या रस्त्यावरून उतरली. माणसं हळहळली, फोटो निघाले. तिच्या छपराची, आरशांची, मीटरची आठवण निघाली. क्रँक कुणाच्या आठवणीत असणार?

आणि त्यानेही यातलं काहीच पाहिलेलं नाही. ना समुद्र, ना पाऊस, ना मागच्या सीटवरचे अश्रू. तो अंधारात होता. पूर्ण काळोखात, तापलेल्या तेलात, मिनिटाला हजारो वेळा फिरत. वरून चार पिस्टन एक-तीन-चार-दोन, एक-तीन-चार-दोन असे ढकलत राहिले आणि ते वरखाली होणारं बळ तो गोल करून पुढे देत राहिला. त्याला शहर ठाऊक नाही, फक्त भार ठाऊक आहे. म्हणून मी त्याच्या झिजेला आठवण म्हणायला धजत नाही. पण त्या झिजेत सगळं आहे, हेही मला खोटं वाटत नाही.

उद्यमनगरात सकाळी पोचलो तेव्हा फाउंड्रीच्या दारात काळ्या वाळूचे ढीग दवाने ओले होते. कोल्हापूरचा हा भाग मला नेहमीच शहराच्या छातीसारखा वाटत आला आहे. दिवसभर त्यातून ठोके ऐकू येतात. मामांच्या शेडला वर एक काचेचा पत्रा आहे. दुसऱ्या दिवशी त्यातून उतरणाऱ्या उजेडात, एका फळीवर, त्यांनी चारही रॉड मांडले. आदल्या रात्री ते घासलेटमध्ये बुडवून ठेवले होते. सकाळी कोरड्या वेस्टने पुसून लख्ख केले, वरून खडूची पूड भुरभुरवली आणि प्रत्येकाला एकेक हलका ठोका दिला. चीर असेल तर तिच्यात लपून बसलेलं घासलेट ठोक्याने वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी, ओली रेघ उमटते. आम्ही बसून राहिलो. सूर्य पत्र्यावरून सरकला, पांढऱ्या पुडीवर उजेड आला, वाढला. एकही रेघ उमटली नाही.

प्रत्येक रॉडला खाली एक कॅप असते, दोन बोल्टांनी बसणारी अर्धगोल. चार रॉड, चार कॅपा, दिसायला एकाच साच्यातल्या. पण त्यांची अदलाबदल चालत नाही. रॉड आणि त्याची कॅप एकत्र बांधूनच त्यांच्यातलं भोक गोल केलेलं असतं. एकाची कॅप दुसऱ्याला लावली की ते गोलपण नाहीसं होतं. म्हणून दोघांवर एकच आकडा ठोकलेला असतो. ब्लॉकच्या मेन कॅपांचंही तसंच, त्या ज्या ब्लॉकच्या त्याच्याच. म्हणून टॅक्सीचा क्रँक आमच्या घरी आला, तिच्या मेन कॅपा मात्र कुर्ल्यातच तिच्या ब्लॉकला लावून राहिल्या. कॅम आणि टॅपेटही एकमेकांवर घासून, एकमेकांना वळण लावून जुने होतात. एकमेकांच्या जागी लावले तर थोड्याच दिवसांत कॅमचा माथा खाऊन टाकतात. वाचवलेल्या भागाला कुठेही बसवता येतं, असं बाहेरून वाटतं. तसं नाही. काही भाग एकटे येऊ शकतात. काही आपल्या जोडीदारासह यावे लागतात, आणि काहींना जिथे आहेत तिथेच सोडावं लागतं.

आणि काही गोष्टी परत वापरायच्याच नसतात. हेड गॅसकेट एकदा दाबलं गेलं की त्याचं काम झालं. ऑइल सील, रिंगा, बेरिंगचे शेल हे सगळं नवं. ह्या बाबतीत मामा कठोर आहेत, आणि मला त्यांचा हा कठोरपणा फार मोलाचा वाटतो. जुन्यावर प्रेम करणारी पुष्कळ माणसं सगळंच जपायला निघतात. मग गाडी घाटात उभी राहते, तिच्याखाली तेलाचं थारोळं साचतं, आणि शेवटी जुन्याच गाड्यांना बोल लागतो. कुठला भाग ठेवायचा हे प्रेमाने ठरत नाही. नख, कान आणि मायक्रोमीटर ठरवतात. प्रेम म्हणजे ते ऐकून घेण्याइतकं थांबणं.

हल्ली क्रँकचे दिवे करतात. पिस्टनची घड्याळं, ब्लॉकवर काच ठेवून टेबलं, हॉटेलांच्या भिंतींवर टांगलेले कॅमशाफ्ट. मला ते पाहवत नाही. ज्यांचं खरंच संपलं आहे त्यांचं काय करायचं ते करा. आमचा चाळीसला गेलेला क्रँकही शेवटी भट्टीत जाणार आहे, तिथून दुसऱ्या कसल्यातरी रूपाने येईल. पण अजून तीन वेळा घासून घेण्याइतकं अंग शिल्लक असलेल्या क्रँकला बल्ब लावून भिंतीवर चढवणं म्हणजे गात्या माणसाला कोपऱ्यात सजवून गप्प बसवणं. त्याला फिरायचं असतं.

जुनं लोखंड नव्याहून कमी असतं हेही काही खरं नव्हे. ओतीव लोखंड साच्यातून निघतं तेव्हा त्याच्या अंगात ताण कोंडलेले असतात. वरचा भाग आधी थिजलेला, आतला मागाहून, एकाची दुसऱ्याला ओढ. जुने कारागीर म्हणून ओतकाम महिनोन्‌महिने उन्हापावसात उघड्यावर टाकून द्यायचे, मगच त्याला हत्यार लावायचे. इंजिन रोज तापतं, रोज निवतं; हजारो वेळा तापून निवून ते ताण सैल पडतात आणि मग लोखंड आपला आकार सोडत नाही. १९८३ साली नेल्सन पिके ज्या बीएमडब्ल्यू इंजिनाच्या बळावर फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, त्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनाचा ब्लॉक रस्त्यावरच्या साध्या गाडीतूनच आलेला होता, आणि त्यासाठी भरपूर धावून मुरलेले ब्लॉक निवडत अशी त्याची ख्याती आहे. मामांना मी हे सांगितलं. त्यांनी आमच्या ब्लॉकवर हात ठेवला आणि म्हणाले, “मग काय. पन्नास वर्सांला आलाय ह्यो.”

त्या ब्लॉकला नवा बोअर मारला. होनिंगचे दगड सिलिंडरमध्ये फिरत वरखाली होताना वर्करने त्यावर घासलेटची धार धरली होती. दगड बाहेर निघाले तेव्हा भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघांची जाळी उठली होती. माझ्या आजीच्या जात्याला टाकी लावायला बाई यायची, तिच्या छिन्नीखाली दगडावर अशाच रेघा उठत. गुळगुळीत झालेलं जातं दळत नाही, आणि आरशासारखी गुळगुळीत झालेली भिंत तेल धरत नाही. ह्या जाळीत तेल टिकतं, रिंगांना ओलं ठेवतं. मी सिलिंडरमध्ये डोकावले. आत उजेड त्या रेघांवरून फिरत होता, प्रत्येक हालचालीसरशी तिरपा होत, जणू एखाद्या खोल विहिरीत कुणी ऊन विणून ठेवलं आहे.

मग बांधणी. इंजिन बांधायचा दिवस मामा शक्यतो कुणाशी बोलत नाहीत. क्रँकच्या पोटातून तेलाच्या बारीक वाटा जातात; त्या त्यांनी तारेने, घासलेटने, मग हवेने साफ केल्या, पुन्हा साफ केल्या, कारण दुसऱ्या इंजिनाचा तिथे बसलेला गाळ नव्या शेलांवर आला तर सगळी मेहनत वाया. प्रत्येक शेलवर बोटाने तेल लावलं. क्रँक दोन्ही हातांनी उचलून ब्लॉकमध्ये उतरवला. मेन कॅपा आपापल्या जागी, टॉर्क रेंचने, आधी थोडं, मग आणखी, मग पुरतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाले.

मी टोकाला बोट लावून क्रँक फिरवला. एका बोटाने. मुंबईचं पोलाद कोल्हापूरच्या लोखंडात, दोघांच्या मध्ये केसाहूनही पातळ तेलाचा थर, आणि ते सगळं वजन कुठेही न टेकता, कुठेही न अडता वळलं, वळत राहिलं, बोट काढून घेतल्यावरही किंचित पुढे गेलं. फिरत्या इंजिनात क्रँक बेरिंगला जवळजवळ शिवतच नाही, तेलावर तरंगत राहतो. खरी झीज असते ती सुरू होण्याच्या क्षणी, तेल अजून पोचायचं असतं तेव्हा. कितीतरी वेळ मी तो नुसता फिरवत होते. मामा काही म्हणाले नाहीत.

इंजिन गाडीत बसलं, रेडिएटर भरला, सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा सायलेन्सरातून पांढरा धूर, एक फटकारा, आणि मग चारही सिलिंडर एकाच वेळी ओळख पटल्यासारखे लागले. मी चपला काढून आत बसले. तळव्यांना थरथर आली. मला ती बाबांच्या गाडीची म्हणून ओळखता येईना आणि परकीही म्हणवेना. तिच्यात कुठेतरी एक वेगळा, किंचित घनदाट सूर होता, जो आमच्या घरात आधी नव्हता. आता तो आमचा आहे. सुरुवातीचे दिवस वेग आवरता घेऊन, भार न टाकता गाडी चालवायची, म्हणजे रिंगा आणि भिंती एकमेकांना रुळतात. मी रंकाळ्याच्या कडेने, मग कळंब्याकडे, मग उसाच्या ट्रॉल्यांमागे न चिडता, त्यांच्याच वेगाने, गूळ शिजल्याच्या वासातून ती चालवत राहिले.

आमचे जुने रॉड मामांच्या फळीवर होते. एक अंडाकृती झालेला, तीन धडके. परवा निपाणीहून एक तरुण आला, एसटीने, पाठीवरच्या बॅगेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला त्याच्या आजोबांच्या फियाटचा एक वाकलेला रॉड घेऊन. चारही रॉडांचं वजन सारखं असावं लागतं, नाहीतर इंजिन हादरतं, म्हणून तो नमुना घेऊन आला होता. मामांनी काटा काढला. आमचा एक नंबर जड पडला, चार नंबरही. तीन नंबर त्याच्या रॉडला जवळजवळ ग्रॅमपर्यंत लागला. खडूची पूड, ठोका, वाट पाहणं, सगळं त्याच्यासमोर झालं. तो वाकून इतक्या जवळून पाहत होता की त्याच्या श्वासाने पूड उडाली आणि पुन्हा भुरभुरवावी लागली. पैशांचं बोलणं मामांनी माझ्यावर टाकलं. मी घेतले नाहीत. तो कागदात रॉड गुंडाळायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि कॅपवरचा आकडा दाखवला.

“ही कॅप ह्याचीच आहे. तुझ्या गाडीत हा कुठल्याही सिलिंडरला बसव, पण कॅप बदलू नकोस. आणि दोन्हीवरचे आकडे एकाच बाजूला आले पाहिजेत.”

“आणि शेल?”

“शेल नवेच घाल.”